दीड मिलिमीटर

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण हातात कीबोर्डऐवजी कानस होती. कानस म्हणजे फाईल. ऑफिसातली नव्हे, घासायची. आणि कानस हातात का आली, तर त्याआधीच्या एका शनिवारी हातात ड्रिल आलं होतं म्हणून. त्या ड्रिलनं मी पाच मिनिटांत जे केलं ते निस्तरायला तीन वीकेंड गेले. आता निस्तरून झालंय (जवळपास), आणि या विषयावर माझं एक ठाम मत बनलंय, तेव्हा ते सांगून टाकतो. लाकडात आधीच असलेलं भोक मोठं करायचं असेल, तर हातातलं ड्रिल आणि मोठं बिट हे त्या कामाचं हत्यार नाही. विशेषतः ते लाकूड गिटारचं असेल तर. आणि त्याहून विशेषतः ती गिटार तुमची नसेल तर.

"म्हणजे भोक पाडायला ड्रिल चालतं आणि मोठं करायला चालत नाही?" हो, बरोब्बर तेच म्हणतोय. पण आधी प्रकरण सांगतो.

माझ्या मामाची एक इलेक्ट्रिक गिटार आहे. कोरियन बनावटीची, लेस पॉल धाटणीची, मधे पिवळी आणि कडेला तांबडी होत जाणारी सनबर्स्ट. मामा नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपतीच्या दहा दिवसांत तो घरी नुसता झोपायला यायचा असं आजी सांगायची, आणि ते सांगताना तिला राग आलाय की कौतुक वाटतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. ही गिटार त्यानं १९९४ साली एका वादकाकडून सेकंडहँड घेतली. आम्हा भाचरांना तिला हात लावायची बंदी होती. आता मामाची बोटं आखडतात, वाजवणं कमी झालंय, म्हणून दोनेक वर्षांपूर्वी त्यानं ती माझ्याकडे दिली. दिली म्हणजे "तुझ्याकडे असू दे" म्हणाला. हे "असू दे" म्हणजे बक्षीसपत्र नव्हे, हे जगातल्या सगळ्या भाच्यांना न सांगता कळतं.

तर मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मामाचा फोन आला. "अरे, संगीतला दोन गाणी वाजवीन म्हणतो. गिटार ठीक आहे ना?"

"एकदम ठीक आहे मामा," मी म्हटलं.

ठीक नव्हती. व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की स्पीकरमधून कुणीतरी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा खरखर आवाज यायचा. लग्नाला पाच आठवडे होते. म्हटलं, नॉबखालचे पॉट बदलून टाकू, बदलतोच आहोत तर चारही बदलू, आणि बदलतोच आहोत तर चांगले अमेरिकन मापाचे टाकू. (या वाक्यात दोन वेळा "बदलतोच आहोत तर" आलंय. सॉफ्टवेअरमध्ये हे शब्द ऐकले की मी सावध होतो. शनिवारी सकाळी घरी नाही झालो.)

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर. बारावीच्या प्रॅक्टिकलला लांबलचक तारेवाला होता ना, त्याचाच हा गोल गुंडाळलेला धाकटा भाऊ. त्याच्या गळ्याला आटे असतात. गिटारच्या पोटात मागच्या बाजूनं एक खण कोरलेला असतो. पॉट त्या खणात ठेवायचा, त्याचा गळा वरच्या लाकडातल्या भोकातून बाहेर काढायचा, वॉशर घालायचा, नट आवळायचा, वर नॉब बसवायचा. सोपं आहे. फक्त आशियात बनलेल्या पुष्कळ गिटारींत मेट्रिक पॉट असतात, त्यांचा गळा ७ किंवा ८ मिमीचा. अमेरिकन मापाच्या पॉटचा गळा ३/८ इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिमीचा. मामाच्या गिटारची भोकं ८ ची. मी आणलेले पॉट साडेनऊचे. फरक दीड मिलिमीटर. एका बाजूला पाऊण. पाऊण मिलिमीटर म्हणजे काय, नखाएवढा!

याबद्दल कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो. मास्किंग टेप चिकटवा, वेग जास्त ठेवा, मोठं बिट हलक्या हातानं घाला. माझ्याकडे टेप होती, ड्रिल होतं, १० मिमीचं बिट होतं आणि हात हलका आहे अशी समजूत होती.

बिट भोकाच्या कडेला टेकलं, क्षणभर थरथरलं, आणि पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणवत नाही. ड्रिलनं स्वतःच स्वतःला आत ओढून घेतलं. ‘टक्’ असा एक बारीक आवाज झाला. ड्रिल थांबवलं, बाहेर काढलं, टेप सोलली, तर टेपेला चिकटून रुपयाच्या नाण्याएवढा टवका बाहेर आला. वरचं चकचकीत लॅकर आणि त्याच्या पोटाला चिकटलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. खाली पांढरंफटक लाकूड.

मिनिटभर मी नुसता बघत बसलो. मग पहिली गोष्ट काय केली असेल तर उठून खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर आई होती, आणि गिटार तिच्या भावाची होती.

नंतर ते भोक नीट बघितलं तेव्हा कळलं की टवका हा निम्माच प्रॉब्लेम आहे. भोक गोल नव्हतंच. बदामासारखं लांबट झालं होतं आणि मूळ जागेपासून मिलिमीटरभर कडेकडे सरकलं होतं. चार नॉब एका चौकटीत असतात, त्यातला एक सरकला की लगेच डोळ्याला खुपतो.

हे असं का झालं यावर मी बराच विचार केला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नेहमीच्या ट्विस्ट बिटाचं टोक नीट बघा. सपाट लाकडावर नवं भोक पाडताना हे टोक आधी रुततं, मध्य पकडतं, आणि बाकीचं बिट त्या मध्याभोवती फिरतं. गंमत म्हणजे अगदी मधलं टोक लाकूड फारसं कापत नाही, रेटत जातं. त्या रेटण्यामुळेच आपल्याला ड्रिल दाबावं लागतं. म्हणजे तेवढंसं टोक दोन कामं करतं, रस्ताही दाखवतं आणि लगामही घालतं. आता ८ च्या भोकात १० चं बिट घाला. टोक कुठाय? हवेत! रस्ता गेला आणि लगामही गेला.

उरली धार. तीही फक्त कडेची, दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर. बिटाला जो पीळ असतो त्यामुळे धारेचा कोन मध्याजवळ बोथट आणि कडेला सगळ्यात तीक्ष्ण असतो, साधारण बिटात ३० अंशांच्या आसपास. म्हणजे जी धार उरली ती नेमकी सगळ्यात हावरी. समोर मऊ लाकूड, मागे लगाम नाही आणि अंगात स्क्रूसारखा पीळ. मग ते बिट स्क्रूसारखंच वागतं, आत घुसतं आणि वाटेतलं सगळं वर उचलतं. कापलेलं उचलतं तसं न कापलेलंही उचलतं.

आणि लाकूड उचललं जायला तयारच असतं. लाकूड म्हणजे घट्ट बांधलेली गवताची पेंढी समजा. लांबीच्या दिशेनं ओढून तिच्या काड्या तुटत नाहीत, पण एकमेकींपासून सोलून काढायला जोर लागत नाही. भोकाच्या वरच्या कडेशी असलेल्या काड्यांना दाबून धरायला डोक्यावर काहीच नसतं. असतं ते फक्त लॅकर. स्वस्त-मध्यम किमतीच्या गिटारींवर बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा जाड थर असतो. तो ओरखड्यांना चांगला, पण काचेसारखा ताठ. वाकत नाही, उडतो. मामाच्या गिटारवरचं सुंदर ‘मेपल’ तर वरून चिकटवलेला कागदासारखा व्हिनियर निघाला. पापुद्र्यावर काच, आणि खालून उचकटणारं बिट.

टेपेबद्दल माझं मत आता फार वाईट आहे. टेप लवचिक असते आणि लॅकर ताठ. बिट खालून रेटतं तेव्हा टेप त्याला थोपवत नाही, त्याच्याबरोबर वर उठते. टेपेचा उपयोग एवढाच की पेन्सिलीची खूण दिसते आणि बाजूला ओरखडा पडत नाही. शिवाय सोलताना सैल झालेला टवका ती सोबत घेऊन येते, पुरावा म्हणून.

मग सगळे छातीठोकपणे मोठं बिट घालायला का सांगतात? मला वाटतं हे लोखंडातून आलंय. लोखंडात आधी लहान भोक, मग मोठं, ही रीतच आहे आणि ती बरोबर आहे. पण तिथे जॉब व्हाइसमध्ये आवळलेला असतो आणि ड्रिलिंग मशीन खांबाला घट्ट. बिटाला इकडेतिकडे जायची सोय नाही, लगाम मशीनच्या हातात. लोखंडाला पेंढीच्या काड्याही नाहीत. गिटार मांडीवर, ड्रिल हातात आणि लाकूड वरून गोलसर फुगीर, इथे यातलं काहीच लागू पडत नाही.

खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. फर्स्ट इयरला आम्हाला वर्कशॉप होतं. एक सुतारकामाचा जॉब, एक फिटिंगचा. (फिटिंगचे आमचे जॉब अगदी छान बसले होते, कारण ते मागच्या बॅचनं बसवलेले होते.) जर्नलमध्ये मी माझ्या हातानं लिहिलंय की ड्रिलिंग म्हणजे भोक पाडणे आणि रीमिंग म्हणजे पाडलेले भोक मापात आणणे. दोन वेगळी कामं, दोन वेगळी हत्यारं, दोन वेगळ्या आकृत्या. उतरवून काढताना वाचलं नव्हतं एवढंच.

जाता जाता एक गोष्ट. इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात हा प्रश्न एका माणसानं जवळजवळ पडूच दिला नाही. लिओ फेंडर. हा मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला, १९३८ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात फुलरटनला रेडिओचं दुकान काढलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या टेलिकास्टरमध्ये पॉट एका लोखंडी पट्टीवर बसवलेले असतात, आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्लास्टिकच्या पत्र्यावर. दोन-चार स्क्रू काढा, सगळं बाहेर. भोक मोठं करायचं तर पत्र्यात करा, बिघडलं तर पत्रा नवा आणा. दुरुस्ती करणाऱ्यानं डिझाइन केलं की असं होतं. १९५२ साली आलेल्या गिब्सन लेस पॉलमध्ये मात्र पॉट थेट वरच्या सुंदर लाकडात. दिसायला देखणी, आणि भोक चुकलं तर थेट चेहऱ्यावर. मला अजूनही लेस पॉलच आवडते, तो भाग वेगळा.

असो. उरलेल्या तीन भोकांचं काय केलं ते सांगतो.

आधी पंधरा दिवस गिटारला हात लावला नाही. किचन ट्रॉलीचं एक जुनं रंगवलेलं शटर माळ्यावर पडलं होतं, त्यात ८ ची पंधरा-वीस भोकं पाडली आणि ती मोठी करत बसलो. हे आधी करायला काय झालं होतं असं आईनं विचारलं नाही, कारण तिला तोवर माहीतच नव्हतं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की लाकूड आणि लॅकर यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते वेगवेगळे सोडवायचे. आधी लॅकर. काउंटरसिंकचं बिट घ्यायचं, ड्रिलमध्ये न लावता नुसतं बोटांत धरायचं, आणि भोकाच्या कडेवर उलट्या दिशेनं फिरवायचं. उलट्या दिशेनं धार कापत नाही, खरवडते. पांढरी पूड पडते, कडेला बारीकसा उतार तयार होतो. हा उतार भोकाच्या होणाऱ्या मापापेक्षा केसभर मोठा करायचा, म्हणजे पुढचं हत्यार लॅकरला शिवणारच नाही. किती मोठा, तर वॉशरखाली झाकला जाईल एवढाच. माझा वॉशर साधारण १३ मिमीचा होता, मी १० ला थांबलो. गिटारची एवढी एकच गोष्ट तुम्ही लक्षात ठेवलीत तरी माझा टवका सार्थकी लागला.

मग लाकूड. यासाठी रीमर. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टी आकाराच्या मुठीचा निमुळता रीमर मिळाला, पत्र्याच्या डब्यात भोकं मोठी करायला वापरतात तो. याला उभ्या लांब धारा असतात आणि बिटासारखा आत ओढणारा पीळ नसतो. निमुळता असल्यामुळे तो असलेल्या भोकातच टेकतो, त्याचा मध्य आपोआप जुन्या भोकाच्या मध्यावर येतो. ज्या जागेवर ड्रिलचं टोक हवेत लटकतं, तिथे याचं सगळं अंग भोकाला धरून असतं. तानपुऱ्याची खुंटी आणि तिचं भोक निमुळतं असतं, व्हायोलिनचंही तसंच, आणि तशी भोकं मापात आणायला रीमर हेच हत्यार. वाद्यं बनवणाऱ्यांना ही गोष्ट कुणी जर्नलमध्ये लिहून दिली नव्हती, तरी ते वर्षानुवर्षं करतायत.

रीमर दाबायचा नाही. फक्त त्याच्या वजनावर फिरवायचा, दोन फेऱ्या झाल्या की बाहेर काढून भुसा झटकायचा. चिरफळी निघेल अशी शंका आली तर उलटा फिरवायचा, तेव्हा तो खरवडतो, वेळ लागतो, पण काही उडत नाही. त्याची अडचण एकच, भोकही निमुळतं होतं. माझा रीमर दर दहा मिलिमीटरला एक मिलिमीटर जाड होत जातो. वरचं लाकूड सहा मिलिमीटर जाड. म्हणजे भोक तळाशी साडेनऊ होईपर्यंत वर दहाच्या पुढे जाणार. म्हणून वर साडेनऊ झालं की थांबायचं आणि तळाचं उरलंसुरलं कानशीनं काढायचं.

कानस गोल, बारीक दाताची. हिचे दात पुढे ढकलताना कापतात. त्यामुळे ती कायम वरून आत ढकलायची, म्हणजे लॅकर लाकडावर दाबलं जातं. मागे घेताना कानस भिंतीपासून सोडवून घ्यायची. घाईत मागे-पुढे करवतीसारखी चालवली की येताना ती लॅकर उचलणारच. शटरवरची सहा भोकं मी अशीच घालवली. आणि कानस फिरवत राहायची, एकाच जागी घासली की भोक पुन्हा बदाम.

एका भोकाला चाळीस मिनिटं लागली. ड्रिलला चार सेकंद लागली होती.

पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप बिटही चालतं. त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या भोकात धरलेली असते, म्हणजे हवेत लटकण्याचा प्रश्न नाही. पण ते पत्र्यासाठी बनवलेलं, पायऱ्या बुटक्या. पातळ लाकडात ठीक, जाड लाकडात एका पायरीत भोक पूर्ण होत नाही. मी शटरवर करून बघितलं, बरं निघालं, तरी मोटर लावायची हिंमत गिटारवर झाली नाही. ज्यांना होते त्यांनी करावं.

आता ते बदामी भोक. ते रीमरनं सुधारणार नव्हतं, कारण रीमर चुकलेल्या भोकाच्या मागेच जातो. त्याची जागाच चुकली होती. ते बुजवावं लागलं. कडक लाकडाची गोल काडी कापली, भोक आधी काडीच्या मापाचं गोल करून घेतलं, फेविकॉल लावून ठोकून बसवली, वर पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवली, एक रात्र वाळू दिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन भोकांवरून चौकट आखून खरा मध्य काढला आणि तिथे नवं भोक पाडलं. पाडलं, मोठं नाही केलं! म्हणजे आता ड्रिल वापरायला हरकत नाही, कारण टोकाला रुतायला लाकूड आहे. बिट मात्र मधे अणी आणि कडेला दोन दाते असलेलं, लाकडाचं खास. अणी मध्य धरते आणि कडेचे दाते आतलं लाकूड निघायच्या आधी गोल चिरून घेतात, पेंढीच्या काड्या आधी कापायच्या आणि मग उपटायच्या, तसं. स्वच्छ भोक पडलं. त्या दिवशी मला कळलं की जिथे भोकाची जागा महत्त्वाची आहे, जशी ब्रिजच्या खांबांची, तिथे मोठं करत बसूच नये, सरळ बुजवून नव्यानं पाडावं. जास्तीचं काम वाटतं, आणि नाहीये.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी आता गिटारची भोकं मोठी करण्याचा पुरस्कर्ता झालोय. उलट आहे. माझं दुसरं मत पहिल्यापेक्षा ठाम आहे, आणि ते पॉट बसवून झाल्यावर, नॉब लावायच्या वेळी बनलं.

नॉब बसेनात. जुन्या मेट्रिक पॉटच्या दांड्याला १८ दाते, नव्याला २४. मामाचे नॉब, ते सोनेरी, आत काळसर पडलेले, ज्यांच्यावरचे आकडे त्याच्या बोटांनी अर्धे पुसलेत, ते नव्या दांड्यावर जाईनात. नवे नॉब आणावे लागले. म्हणजे पॉटसाठी मी लाकूड बदललं, मग पॉटसाठी नॉब बदलले. त्याच मापाचे चांगले मेट्रिक पॉट मिळतात, कमी पैशांत मिळतात, आणि ऐकणाऱ्याला फरक कळला असता असं मला वाटत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या सुट्या भागासाठी मी तीस वर्षं जुनं लाकूड कापलं. ऑफिसात कुणी एका लायब्ररीची नवी आवृत्ती बसत नाही म्हणून चालू डेटाबेस बदलायला निघाला असता, तर मीच मीटिंगमध्ये त्याची सालटी काढली असती.

आणि शेवटचं. काढून ठेवलेल्या जुन्या पॉटवर, आता काय बिघडतंय म्हणून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि दांडे पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवले. खरखर बहुतेक वेळा आतल्या कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धुळीची असते. मल्टिमीटर लावून बघितलं. चारपैकी तीन ठणठणीत. एकही उडी नाही, काटा मऊ सरकतोय.

म्हणजे भोक मोठं करायची गरजच नव्हती. एका पॉटसाठी फार तर नवा आठाचाच पॉट.

यावर कुणी म्हणेल की मग सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्यायची. बरोबर आहे, पण मला ते पटत नाही. दुरुस्तीवाल्याकडे दिली असती तरी मी त्याला "हे पॉट बसवा" म्हणूनच दिली असती. त्यानं भोकं माझ्यापेक्षा सुंदर मोठी केली असती एवढंच. चूक हातात नव्हती, मागणीत होती. (हातातही होती म्हणा.)

लग्नाच्या दहा दिवस आधी मामा प्रॅक्टिसला घरी आला. मी टवक्याची कोर झाकली जाईल अशा बेतानं गिटार त्याच्या हातात दिली. मोठा नॉब आणूनही टवक्याची एक पांढरी चंद्रकोर बाहेर राहतेच. मामानं पट्टा गळ्यात घातला, न बघता हात व्हॉल्यूमवर नेला आणि थांबला. चंद्रकोर त्यानं नंतर बघितली. आधी त्याच्या बोटांना नॉब कळला.

"हे कुठले?"

मी सगळं सांगितलं. ड्रिल, टेप, शटर, कानस, सगळं. आई दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही तेव्हाच कळलं. मामा चंद्रकोरीवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "जुने आहेत ना रे?"

"नॉब? आहेत."

"आणि ते पॉट?"

"तेही आहेत. तीन चांगले आहेत."

"मग ते लाव परत. भोक मोठं झालंय तर खाली मोठा वॉशर घाल."

दीड मिलिमीटर मोठ्या भोकात आठाचा पॉट मोठ्या वॉशरनं अगदी व्यवस्थित बसतो. मधे राहावा म्हणून मी गळ्याला पातळ प्लास्टिकची नळी घातली. चौथा पॉट नवा आणला, आठाचा, १८ दात्यांचा. एक संध्याकाळ लागली. संगीतला मामानं दोनऐवजी चार गाणी वाजवली, तिसऱ्यात एकदा अडकला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

टवका काडेपेटीत जपून ठेवलाय. काढताना त्याचे दोन तुकडे झाले, पण कडा जुळतात. पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटनं असे टवके परत चिकटवता येतात आणि फटीत त्याचेच थेंब भरून, घासून, पॉलिश करता येतं. मामानं गिटार परत माझ्याकडेच ठेवलीय. या शनिवारी बघतो, पण आधी शटरवर.